वाचलेलं-पाहिलेलं कसं सांगावं: कादंबरी, सिनेमा आणि ॲनिमेवरचं टिपण

महिनाअखेरीला वाचनालयात बैठक असते, कॉलेजच्या भित्तिपत्रकाला मजकूर हवा असतो, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "अलीकडं काय चांगलं बघितलंस?" उत्तर येतं, "लई भारी आहे, बघच की." किंवा "टाइमपास आहे." विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. जांबोटी-खानापूरकडचा माणूस बेळगावात सिनेमाला येतो तेव्हा तिकिटाबरोबर जाण्यायेण्याचं बसभाडं आणि अख्खी संध्याकाळ खर्च करतो. चारशे रुपयांची कादंबरी घेताना घरातली दुसरी एखादी खरेदी पुढच्या महिन्यावर जाते. तुमच्या शब्दावर विसंबून तो हे करणार असतो. त्याला कामाचं पडेल असं टिपण कसं लिहायचं, ते इथं सांगितलं आहे.

टिपायचं कधी आणि किती

पुस्तक वाचताना जवळ कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या ठेवा. वर्तमानपत्राचा कोरा कडेचा भाग कापला तरी चालतो. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीची रेघसुद्धा मारू नये, आणि पान दुमडणं तर नकोच. तीस-चाळीस वर्षांचा जुना कागद घडीवर तुटतो. जिथं थांबून मागचं पुन्हा वाचावंसं वाटलं, जिथं कंटाळा आला, जिथं "हे असं होणार नाही" असं मनात आलं, तिथं पट्टी ठेवा आणि तिच्यावर पानाचा क्रमांक नि दोन-तीन शब्द लिहा. तीनशे पानांच्या पुस्तकाला सहा ते दहा पट्ट्या पुरतात. पंचवीस झाल्या तर वाचन बाजूला राहून नुसती गोळाबेरीज चालली आहे असं समजा. एकही पट्टी पडली नाही, तर त्या पुस्तकावर लिहायची घाई करू नका. एक तर पुस्तकात धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं, किंवा तुम्ही ते बसमध्ये, फोन वाजत असताना वाचलं.

थिएटरात फोन उघडून टिपणं काढू नयेत, शेजाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येतो. बाहेर पडल्यावर तासाभरात, बस येईपर्यंत म्हणा, पाच गोष्टी लिहून ठेवा: डोळ्यांसमोरून न हलणारा एक प्रसंग, कानात राहिलेलं एक वाक्य, एखादा आवाज, पहिल्या दहा मिनिटांतलं काय आठवतं, आणि घड्याळाकडं पहिल्यांदा कधी बघितलं. शेवटची नोंद फार उपयोगाची असते. "सिनेमा संथ आहे" या वाक्यातून काही कळत नाही. "मध्यंतरानंतर वीस मिनिटांनी, मुलगा घर सोडून जाणार हे तिसऱ्यांदा सांगितलं गेलं, तेव्हा घड्याळ बघितलं" यातून कळतं. संथ वाटण्याची कारणं वेगवेगळी असतात. कळलेलीच गोष्ट पुन्हा सांगितली जाते, किंवा प्रसंगातलं काम संपल्यावरही कॅमेरा तिथंच रेंगाळतो, किंवा आपण मारामारी बघायला गेलेलो असतो आणि समोर घरगुती गोष्ट चाललेली असते. पहिल्या दोन गोष्टी सिनेमाच्या चुका आहेत. तिसरी आपली आहे, आणि तसं लिहावं.

पहिला मसुदा चोवीस तासांत लिहा आणि बाजूला ठेवा. तीन दिवसांनी तो न बघता दुसरा लिहा, मग दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात शेवटच्या पंधरा मिनिटांचा परिणाम भरलेला असतो, त्यातही पार्श्वसंगीताचा. दुसऱ्यात जे टिकलं तेवढंच येतं. दोन्हींत मत वेगळं निघालं तर तेच टिपणात सांगा: "बाहेर पडताना डोळे ओले होते, तीन दिवसांनी गोष्टीतलं एकही माणूस नीट आठवेना." यापेक्षा नेमकं मत देता येत नाही.

सुरुवातीची कोरडी ओळ

ही ओळ कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेकजण गाळतात, आणि वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त तीच लागते. पुस्तक असेल तर लेखक, अनुवाद असल्यास अनुवादकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, आणि कितवी आवृत्ती कुठल्या सालची. हे सगळं शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत करू नका. पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहतो. नव्या आवृत्तीत लेखकानं बदल केलेले असू शकतात, आणि मग तुमचं "पान १४२" दुसऱ्याच्या प्रतीत १५० वर निघतं.

सिनेमासाठी कुठल्या भाषेतला खेळ पाहिला, किती मिनिटांचा, आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र कुठलं. मिनिटं महत्त्वाची आहेत. साडेसहाचा खेळ, सिनेमा १७० मिनिटांचा, वर मध्यंतर आणि जाहिराती. सुटायला पावणेदहा वाजतात, आणि गावाकडची शेवटची गाडी तोवर गेलेली असू शकते. सिनेमाची लांबी सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या प्रमाणपत्रावरच लिहिलेली असते. २०२४ पासून 'यूए' प्रमाणपत्राचे तीन भाग झाले आहेत: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. नुसतं 'यूए' लिहून भागत नाही. आठ वर्षांच्या नातवाला घेऊन जाणाऱ्या आजोबांना यातला आकडाच हवा असतो.

ॲनिमेसाठी, म्हणजे जपानी ॲनिमेशनसाठी, कितवा हंगाम, किती भाग, त्यातले तुम्ही किती पाहिले, आणि जपानी आवाज नि खाली इंग्रजी ओळी (सबटायटल) अशा रूपात पाहिलं की हिंदी डबिंगमध्ये. यानं मत बदलतं. कसं ते पुढं येईल.

गोष्ट किती सांगावी

टिपण दोनशे ते अडीचशे शब्दांचं असेल तर कथानकाला पन्नास शब्द पुरेत. कादंबरीचा पहिला चौथा हिस्सा, सिनेमाची पहिली वीस-पंचवीस मिनिटं, ॲनिमेचे पहिले तीन भाग, या पलीकडचं काहीही उघड करू नये. मध्यंतरानंतरचं तर अजिबात नाही. "शेवटी असा धक्का बसतो की बस" हे लिहिलं तरी गोष्ट फुटते, कारण वाचणारा मग पहिल्या मिनिटापासून धक्का शोधत बसतो. ॲनिमेच्या बाबतीत मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचलेल्यांनी जास्त जपावं. "हे पात्र आवडलं? पुढं बघ काय होतंय ते" एवढ्यानं ते पात्र मरणार हे समोरच्याला कळतं.

उरलेले दीड-दोनशे शब्द मतासाठी, आणि मताला पुरावा जोडण्यासाठी. इथं एक साधी कसोटी लावता येते. आपलं वाक्य घ्या आणि त्यातलं पुस्तकाचं नाव बदलून दुसरं घाला. वाक्य तरीही बसत असेल तर खोडा. "भाषा ओघवती आहे." कुठल्याही पुस्तकाला बसतं. "व्यक्तिरेखा जिवंत वाटतात." बसतं. "प्रत्येकानं वाचायलाच हवी अशी." बसतं. ही तिन्ही वाक्यं असलेली टिपणं आठवड्याला डझनभर वाचायला मिळतात, आणि त्यातल्या एकामुळंही कुणी पुस्तक उचललेलं नसतं.

समजा, निपाणीच्या तंबाखू वखारीत काम करणाऱ्या बाईवरची कादंबरी तुमच्या हातात आहे. पहिलं टिपण असं झालं: "श्रमिक स्त्रीचं दुःख लेखिकेनं प्रभावीपणे मांडलं आहे." आता पट्ट्या उघडा. पान ३१ वर चाळणीखाली बसलेली बाई तोंडाला फडकं बांधते, आणि घरी आल्यावर लेकराला जवळ घेण्याआधी लुगड्याचा पदर झटकते, कारण तंबाखूच्या भुकटीनं पोराला शिंका येतात. पान ९० नंतर ती बाई संघटनेच्या सभेत बोलू लागते आणि तिची वाक्यं अचानक वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखी होतात. दुसरं टिपण मग असं लिहिता येईल: "पदर झटकण्याच्या त्या चार ओळींत वखार घरापर्यंत कशी येते ते कळतं. पहिली नव्वद पानं अशा बारकाव्यांनी भरलेली आहेत. नव्वदनंतर बाईच्या तोंडी लेखिकेची भाषा येते, आणि जिनं पदर झटकला ती बाई पुन्हा भेटत नाही." यात आवडलेलंही आलं, नावडलेलंही आलं, आणि दोन्हींची पानं आली. कुणी असहमत झालं तर त्याला पान ९१ उघडून वाद घालता येतो. वाद घालता येणं ही टिपणाची मोठी गुणवत्ता आहे.

आपल्याला जे कानानं माहीत आहे

पुण्या-मुंबईच्या वाचकाजवळ नसलेली एक गोष्ट बेळगावकडच्या वाचकाजवळ असते: दोन भाषांचा कान. तिचा वापर फार थोडेजण करतात.

पडद्यावरचं माणूस "बेळगावचा" म्हणून दाखवलं असेल तर तो कसा बोलतो ते ऐका. बरेचदा सरसकट 'गावरान' बोली त्याच्या तोंडी घालतात. बेळगावकडचा माणूस "काय करालायस?" म्हणतो, "येतो की", "होय की" असा 'की' शेवटी टेकवतो, आणि पुढच्याच वाक्यात दुकानदाराशी कन्नडात बोलतो. हे भाषा बदलणं सहज होतं, मध्ये थबकणं नसतं. नट थबकत असेल, कन्नड वाक्य पाठ केल्यासारखं म्हणत असेल, तर ते लिहा, पण कुठल्या प्रसंगात ते सांगून.

पुस्तकांमध्ये या भागाची भाषा कानाला नेमकी लागेल अशी ऐकायची असेल, तर प्रकाश नारायण संतांच्या लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी आहेत: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चार पुस्तकं. त्यांवर २०२४ मध्ये वेबमालिका आली आणि त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. पुस्तकावरून बनलेल्या कलाकृतीवर लिहिताना "पुस्तकात असं नव्हतं" अशी यादी काढायची सवय असते. ती यादी कुणाच्या कामाची नाही. लंपनच्या गोष्टी तो मुलगा स्वतः सांगतो, सगळं त्याच्या डोक्यातून आपल्यापर्यंत येतं. पडद्यावर कॅमेरा त्याच्याकडं बाहेरून बघतो. तेव्हा विचारायचं ते एवढंच: पुस्तकात जे काम त्याच्या मनातल्या बोलण्यानं होत होतं, ते इथं कशानं केलं? चेहऱ्यानं, मागून येणाऱ्या आवाजानं, की ते काम झालंच नाही? एक प्रसंग निवडा, पुस्तकातली दोन पानं वाचा, तोच भाग लावा, आणि फरक लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

कन्नडमधून मराठीत आलेल्या पुस्तकांबाबत तर इथल्या वाचकावर जास्त जबाबदारी येते. बेळगावशी नातं असलेल्या उमा कुलकर्णींनी एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि मराठी वाचकानं त्या आपल्याशा केल्या. चांगल्या अनुवादावर लिहिताना अनुवादकाला एक वाक्य तरी द्या, "अनुवाद सरस" एवढ्यावर भागवू नका. कन्नड वाचता येत असेल तर मूळ पुस्तकाचं एक पान घेऊन दोन्ही मोठ्यानं वाचा. वाचता येत नसेल पण कळत असेल, तर शेजारच्या कुणाला वाचून दाखवायला सांगा. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं वाक्याचा बांधा सहसा बिघडत नाही. घसरण होते ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर. कन्नडात 'अवसर' म्हणजे घाई, मराठीत संधी किंवा वेळ. कन्नडात 'अनुमान' म्हणजे संशय, मराठीत तर्क. नवऱ्याला बायकोविषयी 'अनुमान' आहे असं मराठी पानावर दिसलं आणि वाक्य अर्धवट लटकल्यासारखं वाटलं, तर कारण हे असू शकतं. असं एक उदाहरण सापडलं तर लिहा. एकावरून आख्खा अनुवाद वाईट ठरवू नका. दहा पानांत असे चार-पाच सापडले तर मात्र स्पष्ट म्हणा.

छपाईच्या चुका मोजायच्या असतील तर तशाच रीतीनं: पुस्तक मधे उघडून सलग दहा पानं वाचा आणि चुका मोजा. "दहा पानांत चौदा चुका" हे वाक्य प्रकाशकाला टाळता येत नाही. हा दोष मुद्रितशोधनाचा आहे, तो लेखकाच्या नावावर टाकू नये.

ॲनिमेवर लिहिताना

ॲनिमेवर लिहिणारी मुलं मनापासून लिहितात, पण त्यांचं लिहिणं ज्यांनी आधीच पाहिलं आहे त्यांच्यासाठीच असतं. आईवडिलांच्या पिढीला यातलं काही कळत नाही. खरं तर त्या पिढीनं ॲनिमे पाहिलेलं आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीत लागणारी मोगलीची 'जंगल बुक' ही मालिका जपानमध्ये बनलेली होती. टिपणाची सुरुवात तिथून केली तर घरातली मोठी माणसंही ऐकायला बसतात.

काही गोष्टी माहीत असाव्यात, नाहीतर दोष नसलेल्या जागी दोष दिसतो. एका हंगामात साधारण बारा-तेरा भाग असतात, आठवड्याला एक. भाग चोवीस मिनिटांचा धरला तर सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी दीड मिनिटाचं, म्हणजे गोष्टीला एकवीस मिनिटं. बारा भागांची गोष्ट चार तास आणि वर थोडी. जवळपास दोन मराठी सिनेमांएवढी. म्हणून पहिल्या भागावर मत देऊ नका. माणसं, जग आणि अडचण मांडून व्हायला बहुतेक वेळा तीन भाग लागतात. तीन भाग पाहूनही पुढं जावंसं वाटलं नाही तर सोडा, आणि टिपणात "तीन भागांनंतर सोडलं" असं लिहा. हंगामाच्या शेवटी गोष्ट अर्धवट थांबली तर ती चूक असेलच असं नाही; मूळ मांगा अजून चालू असेल तर तेवढाच भाग चित्रित झालेला असतो. वर्षानुवर्षं दर आठवड्याला चालणाऱ्या मालिकांमध्ये वेगळी अडचण येते. मालिका मांगाच्या पुढं जाऊ नये म्हणून मधे भरीचे भाग घालतात. नवीन बघणाऱ्याला कुठले भाग सोडले तरी चालतील ते सांगितलंत तर त्याचे कित्येक तास वाचतील.

चित्रं "अडखळतात" अशी तक्रार येते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) जातात, पण ॲनिमेत एक चित्र बहुधा दोन किंवा तीन चौकटी तसंच ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठ चित्रं. १९६३ मध्ये ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' टीव्हीवर सुरू झाली, तेव्हापासून कमी चित्रांत काम भागवण्याची ही रीत टीव्हीवर रुळली. चांगला दिग्दर्शक मारामारीच्या क्षणी चित्रं वाढवतो आणि बोलण्याच्या प्रसंगात वाचवतो. तेव्हा सगळीकडं हालचाल सारखी आहे का हे बघू नका. जिथं हालचाल हवी होती तिथं ती आहे का ते बघा. एखाद्या प्रसंगात चित्रं अडखळल्यासारखी वाटली तर तो प्रसंग निम्म्या वेगानं लावून बघा. जिथं भावनेचा कळस आहे तिथंच चेहरा स्थिर आणि नुसते ओठ हलत असतील, तर तक्रार रास्त आहे.

आता डबिंग. पात्राच्या तोंडाची उघडझाप आधीच चितारलेली असते, त्यामुळं हिंदी वाक्य तेवढ्याच लांबीत बसवावं लागतं, शब्द कापले किंवा वाढवले जातात. त्याचा दोष संवादलेखकाला देण्याआधी हे लक्षात घ्या. याउलट एका बाबतीत हिंदी डबिंग इंग्रजी ओळींपेक्षा पुढं जाऊ शकतं, आणि मराठी माणसाला ते चटकन कळतं. जपानीत धाकटी बहीण भावाला नावानं हाक मारत नाही, "ओनीसान" म्हणते. मोठ्या बहिणीला "ओनेसान". आपल्याकडच्या दादा-ताई, अण्णा-अक्कासारखंच. खालच्या इंग्रजी ओळीत तिथं बरेचदा नुसतं नाव येतं. नुसतं वाचणाऱ्याला वाटतं की बहीण भावाला नावानं हाक मारते आहे. मग एखाद्या भागात ती रागानं खरंच पहिल्यांदा नावानं हाक मारते, आणि वाचणाऱ्याला काही घडलं हे कळतच नाही. 'सान', 'कुन', 'सामा' ही नावापुढची शेपटंही तशीच. कोण कुणाला कधी काय लावतं यातून नातं बदलत जातं, जसं आपल्याकडं 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्यात. ॲनिमेवर मराठीत लिहिणाऱ्यानं इथं थांबावं. ज्या भागात हाक बदलली तो भाग आणि मिनिट टिपा आणि कान देऊन पुन्हा ऐका. इंग्रजीतून लिहिणाऱ्याला हे समजवायला परिच्छेद लागतो, आपलं काम एका ओळीत होतं.

थिएटरात लागणारे ॲनिमे चित्रपट एकाच दिवशी जपानी आणि हिंदी अशा दोन्ही रूपांत लागलेले असू शकतात. तिकीट काढताना खेळापुढं लिहिलेली भाषा बघा. बघून आल्यावर टिपणातही लिहा.

"आपलं आहे" म्हणून

या भागात मराठी पुस्तक, मराठी सिनेमा यांवर लिहिताना हात आखडतो. भाषेसाठी इथं माणसांनी पिढ्यानपिढ्या सोसलं आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत हिवाळ्यात साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, सतरंजीवर माणसं दिवसभर बसून ऐकतात. अशा ठिकाणी प्रकाशित झालेल्या पहिल्या कवितासंग्रहावर कठोर लिहिणं म्हणजे आपल्याच घरात दगड मारणं, असं वाटतं. ती भावना खरी आहे. पण तिच्यामुळं होणारं नुकसानही खरं आहे. गेल्या खेपेला "आपलं आहे, बघा" म्हणून धाडलेला माणूस कंटाळून परत येतो, आणि पुढच्या वेळी खरोखर चांगला मराठी सिनेमा दोन खेळांपुरता लागतो तेव्हा तो जात नाही. खेळ रिकामे जातात, दुसऱ्या आठवड्यात सिनेमा निघतो. खोट्या कौतुकाची किंमत शेवटी चांगल्या मराठी कामाला मोजावी लागते.

तेव्हा नवोदिताच्या पुस्तकावर असं लिहा: एक जमलेली जागा, पानासकट, एक न जमलेली, पानासकट, ती का जमली नाही याचं एक कारण. लेखकाच्या वयाचा, नोकरीचा, घरच्यांचा उल्लेख नको. "पुढील वाटचालीस शुभेच्छा" नको. कवितासंग्रह असेल तर एक आख्खी कविता निवडून तिच्याबद्दल बोला. साठ कवितांवर मिळून एक वाक्य लिहिण्यात कवीचाही उपयोग नाही.

हीच शिस्त दुसऱ्या बाजूलाही हवी. कन्नड सिनेमा न पाहता त्याला नावं ठेवू नयेत, आणि पाहिला असेल तर भाषेचं भांडण बाजूला ठेवून पडद्यावर काय आहे तेच लिहावं. घराघरात कन्नड कळतं. चांगला कन्नड सिनेमा मराठी वाचकापर्यंत पोचवणं हे इथल्याच माणसाला जमण्यासारखं काम आहे.

आवडलं नाही, तेव्हा

नावडीचं टिपण आवडीच्या टिपणापेक्षा अवघड असतं. लिहायच्या आधी ठरवा, नेमकं बिघडलं कुठं. आवाज कळला नाही? खेळाआधीच्या जाहिराती आणि ट्रेलर स्पष्ट ऐकू येत होते का ते आठवा. तेही घोगरे असतील तर थिएटरच्या स्पीकरचा दोष. ते स्वच्छ होते आणि सिनेमातले संवादच संगीताखाली बुडत होते, तर सिनेमाच्या ध्वनिमिश्रणाचा. चित्र काळपट दिसलं, तेही तसंच तपासा. थ्रीडी चष्म्यातून बघितलं तर उजेड मुळातच कमी होतो. थिएटरच्या चुकीची शिक्षा सिनेमाला देऊ नये.

मग हे बघा की कलाकृतीला जे करायचं होतं ते जमलं नाही, की ते जमलं पण तुम्हाला ते नको होतं. भुताची गोष्ट घाबरवत नसेल तर ती फसली. भुताच्या गोष्टीच आवडत नसतील तर तसं पहिल्या ओळीत सांगून टाका, म्हणजे ज्याला आवडतात तो तुमचं उरलेलं टिपण त्या हिशोबानं वाचेल.

अर्धवट सोडलेल्यावर लिहायला हरकत नाही, पण कुठं सोडलं ते सांगा: "३२० पैकी ८० पानांवर." अर्धवट पाहून शेवटाबद्दल मत देणं ही फसवणूक आहे.

पाचपैकी तारे देण्याचा मोह टाळा. बहुतेक टिपणं साडेतीनवर येऊन थांबतात, आणि साडेतीनचं करायचं काय हे कुणालाच कळत नाही. त्याऐवजी शेवटी एका शब्दात सांगा. पुस्तकासाठी: विकत घ्या, वाचनालयातून आणा, किंवा सोडा. सिनेमासाठी: थिएटरात, घरी, किंवा नको. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं. "थिएटरात" म्हणताना तो चाळीसएक किलोमीटर जाणार आहे हे डोक्यात असू द्या. मोठ्या पडद्याशिवाय जे मिळणार नाही असं काय आहे, ते अर्ध्या वाक्यात जोडा.

बैठकीत बोलताना

बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या दीडशेहून जास्त वर्षं जुन्या संस्थेत असो की गावातल्या समाजमंदिरात, एका माणसाला चार मिनिटं पुरे. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे चारशे-पाचशे शब्द, लिहिलेल्या टिपणाच्या दुप्पट. वाढीव जागा कथानकाला देऊ नका. एक उतारा मोठ्यानं वाचा, आठ-दहा ओळी, त्याहून जास्त नाही. घरी दोनदा वाचून घ्या, कारण अडखळलात की लोकांना लेखकच अडखळल्यासारखा वाटतो. ॲनिमे किंवा सिनेमा असेल तर फोनवर दृश्य दाखवत फिरू नका; मागच्या रांगेला काही दिसत नाही आणि चार मिनिटं तिथंच संपतात. दृश्य शब्दांत सांगा.

बोलून झाल्यावर पुस्तक पट्ट्यांसकट फिरवा. ज्याला पान ३१ बघायचं आहे तो तिथंच बघेल. वाचनालयाला परत करण्याआधी पट्ट्या काढून वहीत चिकटवा आणि वर पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल नि वाचल्याची तारीख लिहा. दोन-तीन वर्षांनी त्याच लेखकाचं पुढचं पुस्तक हातात येईल तेव्हा वहीचं हेच पान आधी उघडायचं आहे.